मगदूम सरांचा फरक

मगदूम सरांना मी पहिल्यांदा चहा दिला, तेव्हा कपाला हात लावण्याआधी त्यांनी खिशातून वही काढली आणि लिहिलं, ‘तरतरी : चार.’ मग चहा प्याले, डोळे मिटून थोडा वेळ बसले आणि त्याखाली लिहिलं, ‘तरतरी : पाच.’ वही मिटून म्हणाले, “एकाचा फरक पडला. उद्या आलं घालून बघा की, सिस्टर.”

मला वाटलं, कुणाचा तरी पेशंट चुकून ऑफिसात येऊन बसलाय. मी हळूच विचारलं, “काका, तुमचा वॉर्ड कुठला?”

“वॉर्ड न्हाय. मी ट्रेनिंग द्यायला आलोय. लीडरशिपचं.”

“कुणाला?”

“तुम्हाला,” ते म्हणाले आणि माझं नाव वहीत लिहून घेतलं.

शाहूपुरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात मला तेव्हा नोकरीला बावीस वर्षं झाली होती. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. त्या वर्षी आमच्या हॉस्पिटलला गुणवत्तेचं एक प्रमाणपत्र हवं होतं आणि त्यासाठी लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत एक ओळ होती : डॉक्टर आणि नर्सेस यांना नेतृत्वाचं प्रशिक्षण द्यावं व त्याचा परिणाम तपासावा. नेतृत्व म्हणजे काय हे कुणालाच कळलं नाही. आमच्याकडे नेता म्हटलं की चौकातला डिजिटल बोर्ड डोळ्यांसमोर येतो, गॉगल लावलेला, हात जोडलेला. औषधांच्या काउंटरवरचे कुलकर्णी तर म्हणाले, “मी उभा राहीन, पण घरच्यांना विचारावं लागेल.”

आमचे प्रशासन अधिकारी रणदिवे साहेब. त्यांनी चौकशी केली आणि हे मगदूम सर सापडले. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका फाउंड्रीच्या ट्रेनिंग विभागात त्यांची उभी हयात गेली होती. नुकतेच रिटायर झाले होते. लोखंडाच्या माणसांना शिकवलंय म्हटल्यावर हाडामांसाच्या माणसांना शिकवायला कितीसा वेळ लागणार, असा साहेबांचा हिशोब असावा.

सरांचा सगळा जीव एका प्रश्नात होता. “फरक काय पडला?” हा प्रश्न ते कुणालाही विचारत. वॉचमन केस कापून आला, फरक काय पडला? कॅन्टीनवाल्यानं मिसळीचा कट बदलला, फरक काय पडला? आणि उत्तर नुसतं ‘बरं वाटलं’ असं चालत नसे. आधीचा आकडा सांगा, नंतरचा सांगा, दहापैकी. आमच्या लॅबमधल्या पोराचं लग्न झालं. चौथ्या दिवशी तो कामावर आला, तर सरांनी वही काढलीच. तो म्हणाला, “सर, लग्नाआधी सात होतो. आता किती ते तिला विचारून सांगतो.” सरांनी लिहून घेतलं : ‘उत्तर येणे बाकी.’

पहिल्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या खोलीत आम्हा वीस-बावीस जणांना बसवलं आणि एकेक फॉर्म दिला. ‘मी सहकाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेतो किंवा घेते.’ ‘चूक दिसली तर मी बोलतो किंवा बोलते.’ असे वीस प्रश्न, आणि प्रत्येकाला एक ते दहा गुण. स्वतःला कमी गुण देणारा माणूस कोल्हापुरात जन्माला यायचाय. सगळ्यांनी नऊ आणि दहा लावले. मीही लावले. एका ठिकाणी फक्त आठ दिले, उगाच गर्विष्ठ दिसायला नको म्हणून.

मग शिकवणं सुरू झालं आणि आमच्या डोक्याचा पार भुगा झाला. सरांची सगळी उदाहरणं फाउंड्रीतली. “समजा, जॉबला तडा गेला. आता तो तडा कुणी बघितला, आणि बघून कोण गप्प बसलं?” आम्ही वह्यांमध्ये ‘तडा’ लिहून घेतलं. थोड्या वेळानं लक्षात आलं की त्यांचा जॉब म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडी भाग, आणि इथं तो म्हणजे आमचा पेशंट. मी म्हणाले, “सर, पेशंटला जॉब म्हणू नका हो. नातेवाइकांनी ऐकलं तर तुम्हालाच तडा जाईल.” त्यांनी तेही टिपून घेतलं आणि वर मला म्हणाले, “बघा, तुम्ही बोललात. चांगलं हाय.”

पुढच्या आठवड्यात ते निरीक्षणाला वॉर्डात आले. रक्त त्यांना बघवत नसे. ड्रेसिंगची ट्रॉली दिसली की भिंतीकडे तोंड करून उभे राहत, कान मात्र आमच्याकडे. असे ते रोज दोन तास भिंत बघत उभे. कुणाला वाटलं विम्याचे आहेत, कुणाला वाटलं मॅनेजमेंटनं नजर ठेवायला पाठवलेत. एका पेशंटचा भाऊ त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, “पावणं, डॉक्टर कवा येणार?”

“ते कुणालाच म्हायीत न्हाय,” सर भिंतीकडे बघतच म्हणाले. “पण काल कवा आलते ते माझ्याकडं हाय.”

दुसऱ्या दिवसापासून सगळे नातेवाईक चौकशीला त्यांच्याकडेच जाऊ लागले.

एकदा राउंड संपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. “सिस्टर, आज मोठे डॉक्टर वॉर्डात होते तेवढ्यात तुम्ही एकतीस वेळा ‘हो सर’ म्हणालात. दुसरं वाक्य एकपण न्हाय.”

मला राग आला. बावीस वर्षांत माझ्या कामात कुणी खोट काढली नव्हती. मी म्हणाले, “मग काय ‘न्हाय सर’ म्हणू?”

“एकदा म्हणून बघा की,” ते शांतपणे म्हणाले. “फरक काय पडतोय बघू.”

मी ट्रॉली ढकलत पुढे गेले. पण त्या दिवसापासून ‘हो सर’ म्हणताना माझी जीभ अडखळायला लागली, ती अजूनही अडखळते.

आमच्या वॉर्डात शबाना मुजावर नावाची नवी स्टाफ नर्स होती. हुशार, हात हलका, पण आवाज इतका बारीक की फोनवर लोक तिला ‘हॅलो, हॅलो’ करत राहायचे. सरांनी नाटुकलं बसवलं होतं. त्यात मी मोठे डॉक्टर झाले होते, आणि शबानानं मला अडवून म्हणायचं, ‘सर, थांबा.’ ती माझ्याकडे बघून म्हणेना. पंख्याकडे बघून म्हणाली, तेही मनातल्या मनात. सरांनी तिला कॉरिडॉरच्या टोकाला उभं केलं. “लिफ्टपर्यंत पोचलं पायजे.” ती रोज जेवणाच्या सुट्टीत तिथं उभी राहून ‘सर, थांबा’ म्हणायची. नवव्या की दहाव्या दिवशी पलीकडून लिफ्टमनचा आवाज आला, “थांबलोय की. बसा लवकर.” सरांनी टाळ्या वाजवल्या आणि लिफ्टमनलासुद्धा चहा पाजला.

सहा महिने झाले. पुन्हा तोच फॉर्म आला. आम्ही भरला. आणि निकाल लागला तो असा, की सगळ्यांचे गुण कमी झाले होते. नवाचे पाच, दहाचे चार.

रणदिवे साहेब म्हणाले, “मगदूम, तुम्ही माणसं शिकवलीत का बिघडवलीत?”

सर दोन दिवस ते फॉर्म घेऊन बसले. फॉर्मची अदलाबदल झाली का बघितलं, बेरजा परत केल्या. शेवटी माझ्याकडे आले. चेहरा पडलेला. “सिस्टर, ‘ऐकून घेते’ला तुम्ही आधी दहा दिलते. आता चार. असं कसं?”

“आधी मला वाटायचं मी ऐकून घेते,” मी म्हणाले. “आता कळलं, घेत नाही.”

“म्हणजे आधीचे दहा खोटे?”

“खोटे नाहीत. तेव्हा मला ते दहाच होते.”

“मग आताचे चार हे त्या दहापेक्षा जास्त हायत?”

“तसंच काहीतरी.”

ते स्टुलावर बसले. “मग मी मोजायचं कशात?” ते म्हणाले. मला विचारलं की स्वतःला, ते कळलं नाही.

त्यावर त्यांनी तिसरा फॉर्म काढला. ‘आज विचार करून सांगा, तेव्हा तुम्ही खरोखर कसे होता, जे तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं?’ हा फॉर्म वाचून सगळं हॉस्पिटल दिवसभर गोंधळलेलं होतं. तेव्हाचं आता लिहायचं, का आताचं तेव्हाचं म्हणून लिहायचं? कुलकर्णींनी सगळ्या प्रश्नांपुढे ‘ठीक’ लिहिलं. एका डॉक्टरांनी फॉर्मवर खोकल्याचं औषध लिहून दिलं. मीही तीनदा खोडलं.

त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली.

वॉर्डात तेव्हा दोन आनंदा पाटील होते. एक उचगावचे, एक कागलकडचे, आणि शेजारशेजारच्या कॉटवर. उचगावच्या पाटलांना एका इंजेक्शनची भयंकर ॲलर्जी. शबानानं त्यांच्या फाइलवर लाल अक्षरांत तसं लिहून ठेवलं होतं. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर उचगावच्या पाटलांपुढे उभे राहिले, हातात फाइल घेतली, वाचली आणि नेमकं तेच इंजेक्शन सांगितलं. “आत्ताच द्या.”

फाइलवर लाल अक्षरं नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली. डॉक्टर घाईत होते, ऑपरेशन थांबलं होतं. आणि मी म्हणाले, “हो सर.”

“सर, थांबा.”

एवढा मोठा आवाज वॉर्डात कुणाचा, म्हणून मी मागे वळले. शबाना होती. हातात ट्रे होता आणि ती सरळ डॉक्टरांकडे बघत होती. “सर, ही शेजारच्या पाटलांची फाइल आहे. यांना हे इंजेक्शन चालत नाही.”

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग फाइलवरचा कॉट नंबर बघितला. त्यांचे कान लाल झाले. फाइल माझ्या हातात दिली, दुसरी घेतली, नवं औषध लिहिलं आणि पुढच्या कॉटकडे गेले. उचगावच्या पाटलांनी विचारलं, “काय झालं ओ?” शबाना म्हणाली, “काही नाही, मामा. झोपा.”

राउंड संपताच मी जवळजवळ पळत चौथ्या मजल्यावर गेले. सरांना सगळं सांगितलं, माझं ‘हो सर’ सुद्धा. त्यांनी सवयीनं वही उघडली. “पेशंटला काय फरक पडला?”

“काही नाही. भाकरी खात बसलेत.”

“कायच झालं न्हाय?”

“काहीच झालं नाही, सर. शबाना बोलली म्हणूनच काही झालं नाही.”

त्यांनी पेन कागदावर टेकवलं. लिहिलं काहीच नाही. मग चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, “पोरगी कशी हाय? घाबरली न्हाय न्हवं?” मी म्हणाले, “बाथरूममध्ये जाऊन रडली. आता कामाला लागलीय.” त्यांनी वही मिटली.

पुढच्या सोमवारी मीटिंग होती. नर्सिंगच्या बाजूनं मला बोलावलं होतं. रणदिवे साहेबांनी ते पडलेले गुण टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “मगदूम, या आकड्यांवर पुढच्या वर्षाची मंजुरी मिळणार नाही. पण एक तरी दाखला द्या, ट्रेनिंगमुळं अमुक फायदा झाला असा. कोण माणूस, कुठला वॉर्ड, कोणती तारीख, सगळं पाहिजे. मी वर बोलतो.”

मला हायसं वाटलं. दाखला होताच की, तोही चार दिवसांपूर्वीचा. मी सरांकडे बघत होते.

“न्हाय साहेब,” सर म्हणाले. “तसा दाखला माझ्याकडं न्हाय.”

मला वाटलं ते विसरले. मी तोंड उघडलं, “साहेब, आमच्या वॉर्डात…”

“सिस्टर, जरा पाणी देता?” सर मध्येच म्हणाले. माझ्याकडे असं बघितलं की मी उठून पाणीच आणायला गेले. परत आले तोवर विषय संपला होता. सरांनी फक्त एक साधी चिठ्ठी दिली, सूचना म्हणून : एकाच नावाचे दोन पेशंट शेजारी ठेवू नयेत, ॲलर्जी असलेल्यांच्या मनगटाला लाल पट्टी बांधावी. का, कशावरून, काही नाही. ती सूचना लगेच मान्य झाली, आजही पाळली जाते. ट्रेनिंग मात्र बंद झालं. सर त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन निघून गेले.

मला काही उमगेना. सहा महिने हा माणूस चहाच्या घोटाचासुद्धा फरक मोजत होता, आणि खरा फरक समोर आला तर तो दडवून बसला. शबाना म्हणाली, “सिस्टर, माझं काही चुकलं का?” तेव्हा मी ठरवलं, विचारायचंच. सरही उचगावचेच. रविवारी आम्ही दोघी तिथं सरांच्या घरी गेलो.

घर म्हणजे दोन खोल्या. सरांनी लग्न केलं नव्हतं. आई होती, ती जाऊन बरीच वर्षं झाली. आम्हाला बघून ते इतके गडबडले की आधी पाणी दिलं, मग परत पाणीच दिलं. मी सरळ विचारलं, “सर, तुम्ही शबानाचं नाव का सांगितलं नाहीत?”

ते तिच्याकडे बघत म्हणाले, “फाउंड्रीत तानाजी नावाचा माझा एक शिकाऊ होता. कंत्राटावर होता. त्यानं एकदा साहेबाला अडवलं. चालू भट्टीवर, सगळ्यांच्या देखत. बरोबर तोच होता, मोठा अपघात टळला. मला इतका आनंद झाला, मी रिपोर्टात त्याचं नाव घातलं. ट्रेनिंगचा परिणाम म्हणून. वरच्यांनी माझी पाठ थोपटली. त्या साहेबानं दोन महिन्यांत तानाजीला घरी बसवलं. आता उचगावातच रिक्षा चालवतोय.”

शबानानं हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

“त्याला हे रिपोर्टाचं म्हायीत न्हाय,” सर म्हणाले. “मी दर रविवारी त्याच्या घरी जेवायला जातोय. तोच न्यायला येतोय. दर वेळी वाटतं आज सांगावं. बारा वर्षं झाली. लोकांना बोलायला शिकवतो मी, आणि मला एक वाक्य जमत न्हाय. तो येईलच आता. त्याच्यासमोर हे काढू नका.”

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. चाळिशीचा, मिशाळ, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस आत आला. सर लगबगीनं म्हणाले, “तानाजी, ह्या दोघी माझ्या हॉस्पिटलातल्या. आधी त्यांना शाहूपुरीत सोड. मग मला न्यायला ये. मी कपडे बदलतो.”

वाटेत तानाजी आपणहून बोलू लागला. “तुम्हीबी सरांच्याच ट्रेनिंगच्या व्हय? मीबी. त्यांनी शिकवलं ‘थांबा’ म्हणायला. म्हटलं, आणि रिक्षावर आलो.” तो हसला.

शबानाच्या तोंडून निघून गेलं, “तुम्हाला त्यांचा राग नाही येत?”

तिनं लगेच ओठ दाबले. तानाजीनं आरशातून आमच्याकडे बघितलं.

“रिपोर्टाचं सांगितलं म्हणायचं सरांनी तुम्हाला,” तो म्हणाला. “मला तवाच कळलेलं. ऑफिसातल्या एकानं दावला रिपोर्ट.”

“मग तुम्ही कधी बोलला नाहीत?” मी विचारलं.

“बोलायलाच गेलतो की. चांगल्या चार शिव्या हासडायच्या म्हणून रविवारी घरी गेलतो. तर हे एकटेच, कुकर पुढ्यात घेऊन, भात खात बसलेले. मला बघून चेहरा असा झाला, काय सांगू. म्हणाले, तानाजी, जेवतोस? जेवलो. नुसता भात आणि लोणचं. तवा म्हटलं, पुढच्या रविवारी तुम्ही आमच्यात जेवायला या. शिव्या राहिल्या त्या राहिल्याच.”

“पण तुम्हाला माहीत आहे हे त्यांना कळलं तर त्यांच्या मनावरचं ओझं तरी उतरेल,” मी म्हणाले.

“उतरंल की. आणि मग ते यायचे बंद होतील.” सिग्नलला रिक्षा थांबली होती. तो पुढे बघत म्हणाला, “सरांना वाटतंय, ते माझ्यासाठी येत्यात. वाटू द्यात. घरात बोलायला कोण हाय त्यांच्या?”

शाहूपुरीत त्यानं आम्हाला सोडलं आणि रिक्षा वळवली. सर तिकडे कपडे बदलून वाट बघत बसले असणार. आम्ही दोघी फुटपाथवर उभ्या होतो.

“सिस्टर,” शबाना म्हणाली. आता तिचा आवाज गाड्यांच्या गोंगाटातही स्पष्ट ऐकू येत होता. “आपण सरांना सांगायचं का?”

बावीस वर्षांच्या नोकरीची इन्चार्ज मी. हो म्हणावं की नाही, मला ठरवता येईना.